अबरारच्या नंबरावरून

१

मंगळवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी 'हिवरपेठकर यूएई' या ग्रुपवर एक मेसेज पडला आणि साठ माणसांच्या तोंडचं पाणी पळालं.

एरवी हा ग्रुप अगदी निरुपद्रवी. सकाळी गुलाबाची फुलं, दुपारी कुणाचा तरी जुना फ्रीज विकायला काढलेला, रात्री जावयाच्या बढतीबद्दल टाळ्या. हिवरपेठ सोडून आखातात आलेले हिंदू आणि मुसलमान दोघंही त्यात होते आणि एकमेकांच्या फुलांना न चुकता हात जोडत होते. पण रविवारी गावात मिरवणुकीवर दगड पडले, मग दुकानं पेटली आणि दोन माणसं गेली, दोन्हीकडचं एकेक. सरकारने त्याच संध्याकाळी संचारबंदी लावली, अख्ख्या तालुक्याचं इंटरनेट बंद केलं आणि चौऱ्याऐंशी जणांना उचललं. त्यातल्या निम्म्यांचा गुन्हा एवढाच, की पोलीस आले तेव्हा ते दारात उभे होते. सोमवारी नव्या कलेक्टरबाईंनी एक नंबर जाहीर केला. गावात नेट नाही, तेव्हा बाहेरगावच्या आणि परदेशातल्या हिवरपेठकरांनी आपल्याकडे येणाऱ्या अफवा आणि चिथावण्या या नंबरावर पाठवाव्यात, असं आवाहन होतं. ग्रुपची अ‍ॅडमिन मृणालिनी हिने ते ग्रुपवर टाकलं, त्याला अकरा अंगठे मिळाले आणि विषय तिथेच संपला.

मंगळवारच्या मेसेजमध्ये अकरा दुकानांची नावं होती, सगळी हिंदूंची. खाली लिहिलं होतं, 'शुक्रवारी नमाजानंतर यांचा निकाल लावायचा. कुणी मागे राहू नये.' त्याखाली मध्यभागी '1/2' एवढंच. पाठवणाऱ्याचं नाव होतं अबरार.

अबरार अकरा वर्षं रुवैसच्या रिफायनरीत फिटर होता. महिनाभराच्या रजेवर गावी गेला होता आणि गुरुवारी सकाळी शारजाच्या विमानतळावर उतरणार होता. या खेपेला एकटा नाही, तर बायको आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन. त्या दोघी आयुष्यात पहिल्यांदा इथे येणार होत्या.

मृणालिनीने मेसेज वाचला तेव्हा ती रुवैसमध्येच होती, एका गळक्या व्हॉल्व्हच्या चौकशीच्या मीटिंगमध्ये. वीस वर्षं तिचं हेच काम होतं. प्लांटमध्ये काही फुटलं, सांडलं, पेटलं की ते का झालं ते शोधायचं. नव्या पोरांना ती पहिल्याच दिवशी दम द्यायची, की कोणी केलं हे शेवटी विचारा, आधी हे होऊ कसं शकलं ते विचारा. मीटिंगमधून ती बाहेर आली तोच सुजीतचा फोन. सुजीत अबुधाबीत एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर. गावातलं त्याच्या आईचं भांड्यांचं दुकान त्या यादीत पहिल्या नंबरावर होतं.

"ताई, वाचलंस? एक भागिले दोन लिहिलंय. म्हणजे अजून अर्धा यायचाय! मी पोलीस कंप्लेंट टाईप करतोय. इथला कायदा माहितीये ना तुला? धर्मावरून भडकवणाऱ्याला इथे कोणी चहा पाजत नाही. जेल, फाईन, आणि मग डिपोर्ट. खलास!"

"सुजीत, त्याची बायको-मुलगी सोबत आहेत."

"माझी आई पण तिथेच आहे ना! एकटी आहे ती."

मृणालिनीने फक्त वेळ मागितली. सुजीतने उद्या संध्याकाळी पाचपर्यंतची दिली.

२

फोन ठेवल्यावर तिच्या डोक्यात पहिला प्रश्न आला तो साधा होता. तालुक्याचं नेट रविवारपासून बंद आहे. संचारबंदीत अबरार गावाबाहेर पडू शकत नाही. मग त्याचा मेसेज आला कसा?

तिने अबरारला फोन लावला. लागेना. अशा वेळी गावातला प्रत्येक फोन कुणाच्या तरी काळजीत अडकलेला असतो. म्हणून तिने घरी फोन करून मुलीला, श्रियाला, विचारलं. श्रिया सतरा वर्षांची, जन्म अबुधाबीचा, मराठी समजायची सगळी, पण बोलायची निम्मी इंग्रजीत.

"आई, दॅट्स सो बेसिक! लिंक्ड डिव्हाइसेस वर्क विदाउट द फोन. लॅपटॉपवर लॉग इन असेल तर फोर्टीन डेज चालतं. एनीबडी कॅन सेंड."

म्हणजे मेसेज अबरारच्या नंबरावरून होता, पण बोटं दुसऱ्या कुणाची तरी. आणि ती बोटं जिथे नेट आहे तिथली, कदाचित याच देशातली. मृणालिनी लगेच अबरारच्या कामगार-कॅम्पकडे निघाली.

अबरारचा रूममेट उझैर कॅम्पच्या मेसमध्ये भेटला. तिशीचा इलेक्ट्रिशियन, डोकं कायम तापलेलं. रविवारी त्याच्या मामांचं गॅरेज जळालं होतं. सोमवारी त्याने ग्रुपवर त्याबद्दल चांगलंच तोंड सोडलं होतं आणि मृणालिनीनेच त्याला आवरलं होतं.

"दुपारी सव्वादोन-अडीचला कुठे होतास?"

"रूमवर. उन्हाळ्यात दुपारी बाहेरचं काम बंद असतं, तुम्हालाच माहीत आहे ताई, तुमच्याच सेफ्टीचा नियम." तो ताट बाजूला सारत म्हणाला, "तुम्हाला वाटतंय ते मी लिहिलं? शिवी द्यायची तर मी माझ्या नावाने देतो. काल दिलीच की. दोस्ताच्या नावामागे लपून देणारा माणूस मी नाही."

"अबरारचा लॅपटॉप?"

"त्याच्या कपाटात. चावी त्याच्याजवळ. चला, दाखवतो."

तिने खोलीत जाऊन खरंच पाहिलं. कपाटाला कुलूप होतं आणि कुलपावर महिन्याभराची बारीक वाळू साचलेली. वाळवंटात कुठलीही वस्तू चार दिवस न हलवता ठेवली की ती असा पुरावा स्वतःच तयार करते. त्या कुलपाला कुणी हात लावलेला नव्हता. शिवाय उझैरचे सगळे मेसेज मृणालिनीने पुन्हा चाळले, तर तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा, मध्ये चार इमोजी, शेवटी सहा उद्गारचिन्हं. मंगळवारचा मेसेज मात्र शुद्ध देवनागरीत होता, प्रत्येक दुकान वेगळ्या ओळीवर, अगदी शांतपणे बसून लिहिल्यासारखा.

ती निघाली तसा उझैर दारापर्यंत आला आणि घुटमळला. "ताई, एक सांगू? इफ्तार पार्टीचे फोटो हवे होते म्हणून अबरारचं व्हॉट्सअ‍ॅप अजून एका लॅपटॉपवर जोडलं होतं. परत काढलं की नाही, अल्लाला ठाऊक."

"कुणाच्या लॅपटॉपवर?"

"सुजीतभाईंच्या."

३

रुवैसहून अबुधाबी अडीच तास. एका बाजूला समुद्राचं असणं नुसतं जाणवत राहतं, दुसऱ्या बाजूला वाळू. मृणालिनीला वाटेत एकच गोष्ट छळत होती. तक्रार करायला सगळ्यात उतावीळ कोण, तर सुजीत. अबरारशी इथल्या हिवरपेठकर मंडळाच्या अध्यक्षपदावरून वाजलेलं कुणाचं, तर सुजीतचं. स्वतःच्या आईचं दुकान यादीत पहिलं घातलं की आपल्यावर कोण संशय घेणार! असा विचार आपल्या मनात येतो याची तिला लाज वाटली, पण तो काही जाईना.

सुजीतने दार उघडलं तेव्हा तक्रारीची प्रिंट त्याच्या हातातच होती. तिने सरळ विचारलं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"माझ्यावर संशय घेतेस तू?"

"सगळ्यांवर घेते. पगारच त्याचा मिळतो मला."

त्याने ऑफिसची बॅग ओढली, लॅपटॉप उघडला आणि व्हॉट्सअ‍ॅपचं पान लावलं. पडद्यावर लाल पट्टी आली, हे संकेतस्थळ कंपनीने बंद केले आहे. "दोन महिने झाले. कुणीतरी ऑफिसमधून काहीतरी लीक केलं, आयटीवाल्यांनी सगळ्यांचं बंद केलं. मेल पण आहे, बघ." मेल होती. तारीखही बरोबर होती.

मृणालिनीने माफी मागितली. सुजीत सोफ्यावर बसला आणि त्याचा सगळा ताठा उतरला.

"ताई, मला अबरारचं वाटोळं करायचं नाहीये गं. पण मी इथे एसीत बसून काय करू शकतो? नेट बंद म्हणून आईला व्हिडिओ कॉल नाही. साधा फोन लागला तर ती म्हणते, सगळं ठीक आहे, तू जेवलास का? मला काहीतरी करायचंय. ही कंप्लेंट एवढंच मी करू शकतो."

हे तिला आतपर्यंत पटलं. दंगल झाली की सरकारचा हात आधी नेटच्या बटणाकडे जातो. अफवा थांबतात हे खरंच, पण त्याबरोबर आईचा चेहराही दिसेनासा होतो, आणि मग माणसं अंधारात हाताला लागेल त्याला धरतात. तरीही सुजीतने पाचची मुदत काही वाढवली नाही.

४

बुधवारी सकाळी सात वाजता अबरारचा फोन लागला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. मृणालिनीने मेसेज वाचून दाखवला.

"ताई, पहिलं नाव सुजीतच्या आईचं आहे. त्यांच्याकडून आणलेल्या पातेल्यात आमच्याकडे बिर्याणी शिजते. मी असं लिहीन?" मग हळूच म्हणाला, "मी येऊ की नको? आज संध्याकाळी संचारबंदीचा पास काढून मुंबईला निघायचंय. मुलीने आठ दिवसांपासून बॅग भरून ठेवलीय. तिच्यासमोर मला एअरपोर्टवर धरलं तर?"

"आधी फोनमध्ये बघ. व्हॉट्सअ‍ॅप कुठे कुठे जोडलेलं दिसतंय?"

त्याने शोधलं. तीन ठिकाणं दिसत होती. एक त्याचा लॅपटॉप, दुसरा सुजीतचा. तिसरं कुठलं ते त्याला काही केल्या आठवेना. जोडल्याची तारीख मात्र तो गावी निघाला त्याच दिवसाची होती.

"त्या दिवशी कुठे कुठे गेलास?"

"कुठेच नाही, ताई. रुवैसहून निघालो, शारजात रोल्ला बाजारात उतरून व्हिसाचे कागद घेतले आणि थेट एअरपोर्ट."

कुठेच नाही म्हणताना माणूस जिथे नेहमी जातो ती जागा हमखास विसरतो, हे मृणालिनीला कामातून पाठ झालं होतं. "रोल्लात म्हणजे कमरुद्दीनचाचांचं टायपिंग सेंटर ना? बायकोमुलीचे फोटो, पासपोर्टची कॉपी त्यांना कशी दिलीस?"

"कशी म्हणजे? सगळे देतात तशी. त्यांच्या काउंटरच्या कॉम्प्युटरवर माझं व्हॉट्सअ‍ॅप उघडलं, फोटो उतरवले, प्रिंट..." तो थांबला. "ताई, बंद करायचं राहिलं."

टायपिंग सेंटर म्हणजे इथल्या परक्या माणसाचं अर्धं आयुष्य. व्हिसा असो, भाडेकरार असो, मुलाचा जन्मदाखला असो, कुठलाही अर्ज तिथल्या बाकावर बसल्याशिवाय पुढे सरकत नाही. आणि घाईत प्रत्येक जण तिथल्या पडद्यावर आपलं सगळं उघडं टाकून निघून जातो. मृणालिनी उठली आणि तिने कपाटातून श्रियाच्या पासपोर्टची फाईल काढली. मागच्या वर्षी हे कागद कमरुद्दीनचाचांनीच टाईप केले होते. अर्जाच्या पहिल्या पानाखाली, अगदी मध्यभागी, लिहिलं होतं 1/2. दुसऱ्यावर 2/2. शेजारीच ठेवलेल्या भाडेकराराची पानं चार होती, त्यांवर 1/4 पासून 4/4.

म्हणजे तो आकडा धमकीचा नव्हता, पानाचा होता. लिहिणारा कमरुद्दीनचाचांच्याच खुर्चीतला होता. दुपारी एक ते चार रोल्लातली दुकानं बंद असतात आणि तेव्हा आत एकच माणूस असतो. पण चाचा? ज्यांनी पंचवीस वर्षांत हिवरपेठच्या एकाही माणसाला, मग तो कुठल्याही धर्माचा असो, चहाशिवाय परत पाठवलं नव्हतं, ते? तिने गाडीची किल्ली उचलली आणि रोल्लाची वाट धरली.

५

कमरुद्दीनचाचा सत्तरीला टेकले होते. दुकानात दोन कॉम्प्युटर, एक आतला त्यांचा स्वतःचा आणि एक काउंटरचा. ग्रुपमधून ते दोन वर्षांपूर्वीच बाहेर पडले होते. रोज साठ गुलाबं उतरवून घेण्याइतकी माझ्या फोनमध्ये जागा नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

"ये बेटी! इतक्या उन्हात?" त्यांनी चहा मागवला. "अबरारचं कानावर आलं. काहीतरी घाण लिहिली म्हणतात. मला नाही पटत. तो मुलगा तसा नाही."

"तुम्ही वाचलंत का ते, चाचा?"

"मी कुठे आहे तुमच्या ग्रुपात?"

मृणालिनीची नजर काउंटरच्या पडद्याकडे गेली. व्हॉट्सअ‍ॅप उघडंच होतं, आणि कोपऱ्यातल्या गोलात अबरारचा फोटो होता, मुलीला खांद्यावर घेतलेला. तिने स्वतःचा फोन चाचांपुढे धरला. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिली ओळ वाचली. दुसरी वाचायची त्यांना गरजच पडली नाही.

"हे तर माझं टायपिंग आहे," ते म्हणाले. आवाजात ना भीती होती ना लपवाछपवी, नुसतं आश्चर्य. "हे तुझ्याकडे कसं? मी तर कलेक्टर साहेबांना पाठवलं होतं. नंबर आला का त्यांचा?"

"कसला नंबर?"

"रेफरन्स नंबर! बेटी, सरकारी काम आहे. आधी मजकूर जातो, मग नंबर मिळतो, तो घालून अर्ज जातो. मी कालपासून वाट बघतोय." त्यांनी खण उघडून एक कागद काढला. सही झालेली होती, एकच जागा कोरी. खाली 2/2.

तिने तो उभ्यानेच वाचला. 'मा. जिल्हाधिकारी, यांस. सोबतच्या पानावरील मजकूर एका गिऱ्हाईकाच्या फोनवर आलेल्या व्हॉइस मेसेजमध्ये ऐकला. तो पाठवायला घाबरत होता, म्हणून मी तीन वेळा ऐकून शब्दशः उतरवला आहे. यातल्या नऊ दुकानदारांना मी जातीने ओळखतो. शुक्रवारी तिथे पोलीस ठेवावेतच, पण आमच्या समाजाची चार वडीलधारी माणसंही बसवावीत. त्यांच्यासमोर आमची पोरं दगड उचलणार नाहीत. संदर्भ क्रमांक...'

मृणालिनीने चाचांना काल दुपारी काय काय केलं ते विचारलं. आता सगळं लागोपाठ उलगडत गेलं. काल चाचांचा आतला कॉम्प्युटर दुरुस्तीला होता, म्हणून ते काउंटरवर बसले. व्हॉट्सअ‍ॅप उघडं होतं, ते आपलंच आहे असं समजले. शोधायच्या चौकटीत त्यांनी नेहमीप्रमाणे गावाचं नाव घातलं. त्यांच्या स्वतःच्या यादीत त्या नावाने एकच नोंद होती, कलेक्टर कचेरीची. अबरारच्या यादीत त्या नावाने सगळ्यात वर होता साठ माणसांचा ग्रुप. चाचांनी मजकूर टाकला, बटण दाबलं आणि नमाजाला गेले. आज ते पुन्हा आपल्या आतल्या कॉम्प्युटरवर होते, काउंटरकडे कुणी पाहिलंच नव्हतं.

तिने हे हळूहळू समजावून सांगितलं. चाचांचा चेहरा उतरत गेला. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझ्यामुळे अबरारला..." एवढं बोलून ते थांबले आणि मग एकदम ताठ बसले. "पण बेटी, मग कलेक्टरला कुणी सांगितलं?"

६

कुणीच नाही.

हा प्रश्न मृणालिनीला कालपासून एकदाही पडला नव्हता. मेसेज साठ माणसांनी वाचला होता. चोवीस तास साठजण भांडले, तीनशे मेसेज पडले, कोणी लिहिलं, का लिहिलं, त्याला हाकला, ह्याला काढा. त्यात लिहिलेलं खरं असेल तर काय, हे एकानेही विचारलं नाही. कलेक्टरचा नंबर त्याच ग्रुपवर, थोडा वर, पडलेला होता. तो तिने स्वतः टाकला होता. आणि ती, जिचा पगारच धोका ओळखण्याबद्दल, ती कालपासून वाळूवरच्या बोटांचे ठसे शोधत फिरत होती. प्लांटमध्ये एखाद्याने गॅसचा वास येतोय म्हणून ओरडावं आणि बाकीच्यांनी आधी तो का ओरडला याची चौकशी लावावी, तसं झालं होतं. असल्या माणसाला तिने नोकरीवरून काढलं असतं.

"यल्ला, चला चाचा," ती म्हणाली. "दोन्ही पानं. आत्ता. तुमच्या नंबरावरून."

या वेळी दोघांनी तीनदा नाव तपासलं. मजकूर गेला आणि वीस मिनिटांनी उत्तर आलं, क्रमांकासह. चाचांनी तो कोऱ्या जागेत पेनाने लिहिला, मग दुसरं पानही पाठवलं. पाठोपाठ फोन वाजला. बोलणारे एक नायब तहसीलदार होते, आवाज दोन दिवस न झोपलेल्या माणसाचा.

"काका, शुक्रवारी काहीतरी होणार एवढीच कुणकुण होती आम्हाला. कुठे, कुणावर, काहीच नाही. नेट बंद केल्यापासून अफवा आमच्यापर्यंतही येत नाहीत, ही आमची पंचाईत. बाईंसमोर ठेवतो लगेच."

तासाभराने त्यांचाच पुन्हा फोन. बाईंनी ठरवलं होतं, नवी धरपकड नाही. उलट विनाकारण उचललेल्यांना आज रात्रीच सोडायचं. शुक्रवारी अकरा ते तीन संचारबंदी उठणार, आणि ती अकराच्या अकरा दुकानं उघडी ठेवायची. बंद ठेवली तर ज्याने यादी बनवली त्याचंच खरं झालं. पोलीस कोपऱ्यावर असतील. दुकानांसमोर शांतता समितीची माणसं बसतील, दोन्ही समाजांची, बायका सुद्धा.

पावणेपाचला मृणालिनीने सुजीतला फोन करून सगळं सांगितलं.

"ताई, ते पहिलं पान काल दुपारपासून माझ्या हातात होतं," तो म्हणाला. "मी त्याची प्रिंट काढली, रंगीत. पोलिसांना दाखवायला. कलेक्टरला फॉरवर्ड करायचं सुचलं नाही मला. माझ्या आईचं नाव आहे त्यात, आणि मला सुचलं नाही."

"मलाही नाही सुचलं, सुजीत."

"अबरारचं विमान कितीला आहे?"

७

गुरुवारी सकाळी शारजाच्या विमानतळावर अबरार सामानाची ट्रॉली ढकलत बाहेर आला. बायको बावरून इकडेतिकडे बघत होती, मुलगी ट्रॉलीवर बॅगांच्या वर बसली होती. मृणालिनीच्या शेजारी सुजीतला पाहून अबरारची ट्रॉली जागच्या जागी थांबली.

"घाट उतरलो तेव्हा नेट आलं," तो म्हणाला. "सगळं वाचलं मी. तीनशे."

"त्यातले सतरा माझे आहेत," सुजीत म्हणाला. काल रात्रभर त्याने काय काय घोकलं असेल, पण ऐन वेळी त्याला एवढंच आलं. "चूक झाली रे. पाय धरायला सांगितलेस तर धरतो."

अबरारच्या चेहऱ्यावर राग होता, तो लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "आज नाही माफ होणार, सुजीत. खोटं कशाला बोलू. पण पोरीने कालपासून नीट खाल्लेलं नाही. गाडी कुठे लावलीस?"

रुवैसला जाण्याआधी दोन दिवस ती तिघं सुजीतकडेच राहिली, कारण सुजीतच्या बायकोने दुसरं काही ऐकूनच घेतलं नाही. शुक्रवारी गावातली नमाज संपायची वेळ झाली तेव्हा अबुधाबीत बारा वाजून गेले होते. टेबलावर जेवण तसंच होतं. मृणालिनी आली होती, रोल्लाहून कमरुद्दीनचाचा आले होते. सुजीतने आईला सहा वेळा फोन लावला, सहाही वेळा नुसती रिंग. अबरारच्या वडिलांचाही उचलला जात नव्हता. चाचांची माळ फिरत होती. अबरार खिडकीशी उभा होता आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

एकच्या सुमाराला सातव्यांदा लावला, तेव्हा फोन उचलला गेला. सुजीतने घाईघाईने स्पीकर लावला. पलीकडून नुसता गलका ऐकू आला, माणसांचा, भांड्यांचा.

"आई! आई, ठीक आहेस ना? काय चाललंय तिथे?"

"काय चालायचंय? दुकानासमोर खुर्च्या टाकून बसलोय. मी आहे, अबरारचे वडील आहेत, मशिदीचे दोघं आहेत. ती कलेक्टर पोरगी येऊन चहा पिऊन गेली. चार टवाळ पोरं आली होती कोपऱ्यापर्यंत, ह्या वडीलधाऱ्यांनी नावानिशी हाका मारल्या, आली तशी गेली."

"अगं, मग फोन का उचलत नव्हतीस? सहा वेळा लावला! इथे आमचा जीव..."

"चार दिवसांनी बाजार उघडलाय, सुजीत," आई वैतागून म्हणाली. "ठेव आता. गिऱ्हाईक खोळंबलंय."